सूर्यफुलाच्या साच्यातलं पुडिंग

१४ जून २००८, शनिवार

सांगणार मी आणि लिहिणार माझी नात. तेव्हा या वहीत चुका सापडल्या तर त्या विबकेच्या, आणि अक्कल सापडली तर माझी. हे वाक्य तिने उतरवलं की नाही ते कळायला मला मार्ग नाही. पण नाक लाल झालंय तिचं, म्हणजे उतरवलं असणार.

विबके शाळेच्या शेवटच्या परीक्षेतून परवा सुटली. ऑक्टोबरात ग्योटिंगेनच्या विद्यापीठात जाईल. तोवर तिला काम नाही आणि मला ऐकणारं माणूस नाही, म्हणून ही वही.

आज लुडेकेबाई आल्या होत्या. त्या माजी विद्यार्थिनी संघाच्या अध्यक्ष. साध्या बसत नाहीत त्या, खुर्चीवर चढाई करतात.

"नॉयबरबाई, सप्टेंबरात आपल्या शाळेला शंभर वर्षं होतायत! जुन्या दोनशे मुली येणार."

"मुली?" मी म्हटलं. "त्यातली सगळ्यात धाकटी आता पन्नाशीची असेल."

"माझ्यासाठी मुलीच. आणि तुमचं व्हॅनिला पुडिंग नसेल तर ती आपली शाळाच नव्हे. ते तुम्हीच करू जाणा!"

कौतुक ऐकलं की माझी मान आपोआप हलते. हलली.

शाळा आता शाळा राहिलेली नाही. बहात्तर साली इथल्या मुली मुलग्यांच्या शाळेत नेऊन बसवल्या आणि ही इमारत रिकामी पडली. आता वर गावाचं वाचनालय आहे, खालच्या वर्गांत पेन्शनर लोक संध्याकाळी इटालियन शिकतात. तळघरातलं स्वयंपाकघर मात्र होतं तसं आहे, आणि अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत मी आहे. माझा नवरा हाइन्झ या इमारतीची देखभाल करायचा. तो गेला, खोल्या माझ्याकडे राहिल्या.

लुडेकेबाई म्हणाल्या की शंभर वर्षांत दारावरची पाटी पाच वेळा बदलली. आधी थोरामोठ्यांच्या कन्यांची शाळा, मग अमुक, मग तमुक. मधल्या नाझींच्या काळात पाटीवर जे नाव होतं ते लुडेकेबाईंनीही भरभर उरकलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी ती पहिल्यापासून एकच शाळा आहे.

१७ जून, मंगळवार

फ्रॉइलाइन ब्रेमर यांना भेटायला चर्चमागच्या वृद्धाश्रमात गेले. त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. शाळेत पाकशास्त्र शिकवायच्या. त्या काळी शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी सोडावी लागे. या बाईंनी नोकरी ठेवली आणि नवरा सोडला, तोही करून बघायच्या आधीच. अजून कोणी त्यांना श्रीमती वगैरे म्हटलेलं खपत नाही, फ्रॉइलाइन म्हणजे कुमारीच म्हणायचं. "फ्रॉइलाइन ही पदवी मी कमावली आहे," म्हणतात.

"दोनशे जणींचं पुडिंग करणार आहेस म्हणे."

"हो, फ्रॉइलाइन."

"गुठळी होऊ देऊ नकोस."

पन्नास वर्षांत माझ्या पुडिंगात गुठळी झालेली नाही आणि पन्नास वर्षांत त्यांनी हे सांगायचं सोडलेलं नाही.

मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. "एर्ना, अठ्ठावन्न सालच्या वर्गातल्या उरल्यात तेवढ्या सगळ्या येणार आहेत. रोझविटा सोडून. ती मला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या बाजूला जायची. आता मी रस्त्यावर जातच नाही, तेवढीच तिची सोय झाली." त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत आलं नाही. "तिला एकदा माझ्यासमोर आणून बसव. मला दुसरं काही नको. शाल नको, भाषण नको."

"ती तुमच्याशी चांगलं बोलणार नाही."

"शिव्या देऊ दे. पण समोर बसून देऊ दे."

मी शब्द देऊन टाकला. शब्द देताना विचार करायची मला सवय नाही, तो मी नंतर करते.

२ जुलै, बुधवार

रोझविटा म्हणजे बाजारचौकातल्या औषधवाल्याची मुलगी. औषधाचं दुकान पुढे तिच्या भावाला मिळालं. त्याला स्वतःच्या नावापलीकडे लॅटिन येत नव्हतं, तरी मिळालं. ही त्याच्या दुकानात जन्मभर पुड्या बांधत उभी राहिली. लाकडाच्या व्यापाऱ्याशी लग्न झालं, तो वारला, मुलं झाली नाहीत. आम्ही दोघी दर गुरुवारी पत्ते खेळतो आणि ती दर गुरुवारी हरते. बाकी कुठल्याही बाबतीत ती माझी जिवाची मैत्रीण आहे. फक्त दोन विषय काढायचे नाहीत: शाळा आणि पुडिंग.

मी दोन्ही एकदमच नेले.

"टोपल्यात काय आहे?" तिने दारातूनच विचारलं.

"तुझ्यासाठी आणलंय. वर रास्पबेरीचा रस घातलाय."

"एर्ना, एवढ्या वर्षांत तू मला कधी पुडिंग खाताना पाहिलंयस?"

"म्हणूनच आणलं! समारंभात खायची सवय असावी."

"मी समारंभाला येणार नाही."

लुडेकेबाईंनी आमंत्रणाबरोबर सगळ्यांना एकेक छोटा लाकडी चमचा पाठवला होता, त्यावर 'गोड आठवणी' असं कोरून घेतलं होतं म्हणे. रोझविटाने तो चमचा टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून लावलाय. मी म्हटलं, "समारंभाचं राहू दे. फ्रॉइलाइनला एकदा भेट. फार म्हाताऱ्या झाल्यात गं त्या."

"त्या बाईने माझं काय केलं ते तिलाच विचार."

"काय केलं? पास केलं ना तुला?"

त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी जोकर चुकीच्या ठिकाणी टाकला. मग दार लावून घेतलं. पुडिंग मी परत आणलं आणि विबकेने आणि मी खाल्लं. उत्तम झालं होतं.

८ जुलै, मंगळवार

आज चेरीचा रस घालून नेलं. दार उघडलं नाही. आतून रेडिओ मोठा केला.

१५ जुलै, मंगळवार

चॉकलेटचं नेलं. रेडिओ.

विबके म्हणते, "ओमा, आता दुसरं काहीतरी नेऊन बघ." म्हणजे काय नेऊ? चांगल्या मनाने एवढं एकच करता येतं मला.

२० जुलै, रविवार

विबके सकाळपासून मागे लागली आहे की रोझविटाचं आणि फ्रॉइलाइनचं बिनसलं कशावरून. मला जे माहीत आहे ते सांगते. पण ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल. लांबण लावणार नाही.

युद्ध संपलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पूर्व प्रशियात. आई गेली. मग आम्ही पोरं शेजारच्या लिथुआनियात अन्नासाठी दारोदार फिरत होतो, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या मळ्यात. शाळा कसली! एका म्हातारीने मला एकदा दुधाची वाटी दिली होती. तिचा चेहरा मला आठवत नाही, वाटीवरची निळी रेघ आठवते. पुढे मी सोळाची झाल्यावर इकडे पश्चिम जर्मनीत आले तेव्हा वर्गात बसायचं वय उलटलं होतं. मला या शाळेच्या स्वयंपाकघरात ठेवलं. फ्रॉइलाइनने मला अक्षरं शिकवायचा प्रयत्न केला, पण बसले की मला झोप लागायची. उबेची सवय नव्हती, दुसरं काही नाही. शेवटी त्यांनी अक्षरं बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. दूध ढवळ."

पहिल्या दिवशी मी ते कोठार पाहिलं. दूध, साखर, लोणी, अंडी. मी तिथे भिंतीला हात लावून उभी राहिले. वर मुली बसत होत्या तिथे काय शिकवतात याचं मला कधी कुतूहल वाटलं नाही. सगळं चांगलं खालीच होतं की!

तर अठ्ठावन्न सालची परीक्षा. या शाळेत मुलींना दोन वाटा होत्या. एक लॅटिन आणि गणिताची, ती आपल्या गावात तोवर बंद पडली होती. दुसरी शिवण, बाळसंगोपन आणि स्वयंपाकाची, तिला सगळं गाव पुडिंग-मॅट्रिक म्हणायचं. त्या सर्टिफिकेटावर विद्यापीठात घेत नसत. पण संसाराला काय हवं असतं विद्यापीठ? रोझविटाचा बाप तेच म्हणायचा. तिने फारच हट्ट केला तेव्हा चिडून म्हणाला होता, "साधं पुडिंग जमत नसेल, तर मात्र तुला ग्योटिंगेनला आत्याकडे पाठवून देईन. मग बस तिथल्या शाळेत लॅटिन घोकत!" केवढी ती धमकी! पोरगी घाबरून परीक्षेआधी कितीतरी दिवस नीट जेवत नव्हती.

परीक्षेत प्रत्येकीने आपापल्या शेगडीवर पुडिंग करून साच्यात ओतायचं आणि रात्रभर थंड कोठारात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी हानोव्हरहून आलेली परीक्षक बाई ते ताटलीत उलटं करणार, उभं राहिलं तर पास. प्रत्येकीचा साचा वेगळा. कोणाचा मासा, कोणाचा द्राक्षांचा घड. रोझविटाचा सूर्यफुलाचा होता.

मी भांडी गोळा करत होते आणि लागलेल्या दुधाचा वास आला. बघते तर रोझविटाचं पातेलं तळाशी काळं ठिक्कर! आणि ही बया शांतपणे ते तपकिरी करपलेलं पुडिंग साच्यात ओततेय. मला वाटलं, बिचारीला धक्का बसलाय. चेहऱ्यावर हसू होतं तिच्या, धक्का बसल्यावर काही माणसं हसतात.

सगळ्या गेल्यावर मी कोठारात गेले, ते करपलेलं काढलं, साचा घासला, माझ्या वाट्याच्या दुधातून नवं पुडिंग केलं आणि तिच्या साच्यात ओतलं. सकाळी परीक्षक बाईंनी उलटं केलं तर काय सूर्यफूल उमललं महाराजा! एकेक पाकळी. शेरा मिळाला: उत्तम. रोझविटा आनंदाने पिठासारखी पांढरी पडली.

मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सरकारी परीक्षा ती. उद्या कोणाला कळलं तर पोरीचं सर्टिफिकेट काढून घेतील. सरकार म्हाताऱ्या बायकांनाही सोडत नाही.

विबकेचं पेन थांबलंय. विचारते, "ओमा, तिने मुद्दाम जाळलं असेल तर?"

काहीतरीच! दूध कोणी मुद्दाम जाळतं का? साखर घातलेलं, व्हॅनिला घातलेलं दूध? तुम्हा आजकालच्या मुलांना भूक म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून असले प्रश्न सुचतात. लिही मी सांगते ते. दूध कोणी मुद्दाम जाळत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

एका मोठ्या पातेल्याची रंगीत तालीम केली. लुडेकेबाई चाखायला आल्या आणि तिसऱ्या वाटीनंतर म्हणाल्या की अजून निर्णय होत नाही. सभागृहात लावायचं कापड तयार झालंय म्हणे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'शंभर वर्षं, गोड आठवणी' आणि खाली पुडिंगचं चित्र.

"सगळ्याजणींना आवडेल का हो?" विबकेने विचारलं.

"का नाही आवडणार?" लुडेकेबाई म्हणाल्या. मीही तेच म्हटलं. पोरीने ओठ आवळले. ती हल्ली माझ्याशी फार जपून बोलते, मी काही आजारी आहे की काय!

रोझविटा पत्ते खेळायला येते, पण फ्रॉइलाइनचं नाव काढलं की हातातली पानं मिटून ठेवते. शब्द दिलेला आहे आणि ऑगस्ट चाललाय. मला काही सुचत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फ्रॉइलाइनला न्यूमोनिया झालाय. सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. गेले तर उशीवर एवढंसं तोंड. मला बघून म्हणाल्या, "आणलंस?" मी म्हटलं, "आणते." त्यांनी डोळे मिटले. विश्वास बसला नाही त्यांचा, सभ्यपणाने मिटले.

तशीच रोझविटाकडे गेले. ती बागेत पडलेले आलुबुखार वेचत होती. मी ठरवलं होतं, आता काय व्हायचं ते होवो.

"रोझविटा, टोपली खाली ठेव. तुझ्या परीक्षेबद्दल सांगायचंय."

"नको, एर्ना."

"ऐकून घे. तुला वाटतं फ्रॉइलाइनने तुझ्या पुडिंगात काही केलं. त्यांनी काही केलं नाही. मी केलं. तुझं लागलं होतं. मी नवं करून तुझ्या साच्यात घातलं. तुझा तो 'उत्तम' माझा आहे. आता काढून घेऊ देत सर्टिफिकेट घेतलं तर, आपण दोघी मिळून रडू."

तिने टोपली खाली ठेवली.

"तू?"

"मी."

"तू केलंस?"

"दहादा काय विचारतेस? आभार मान!"

"का केलंस, एर्ना?"

"का म्हणजे? नापास झाली असतीस! बापाने तुला ग्योटिंगेनला लॅटिन घोकायला धाडलं असतं की नाही?"

रोझविटा फळांच्या खोक्यावर बसली. खोकं भरलेलं होतं, तरी बसली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून जवळ गेले तर हसत होती. मग नीट बघितलं तर दोन्ही. असं बराच वेळ चाललं होतं. सगळा स्कर्ट आलुबुखाराने जांभळा झाला.

"लॅटिनपासून वाचवलंस मला," ती शेवटी म्हणाली.

"नाहीतर काय!"

"आणि मी इतकी वर्षं चुकीच्या बाईवर रागावले."

"मग आता बरोबर बाईवर रागव," मी आपलं गमतीने म्हटलं.

तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मग हात स्कर्टला पुसून माझी टोपी सरळ केली. म्हणाली, "मघापासून तोच प्रयत्न करतेय. जमत नाहीये."

या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. विबके लिहिताना मान खाली घालून बसलीय, म्हणजे तिला लागला असावा. विचारलं तर म्हणते, "काही नाही, ओमा. पुढे सांग." पुढे एवढंच की उद्या ती येणार आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

विबकेने गाडी काढली. रोझविटाने चर्चला जायचा निळा कोट घातला होता, भर उन्हात.

खोलीत गेल्यावर ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. दोन्ही हात समोर बांधून, वर्गात उभं राहतात तशी. सत्तरीला टेकलेली बाई.

"फ्रॉइलाइन," ती म्हणाली.

"उशीर केलास, रोझविटा."

"हो, फ्रॉइलाइन."

"बस."

बसली. फ्रॉइलाइनच्या घशात घरघर होती, पण डोक्यात नव्हती. रोझविटाने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नाक होतं. तो वास जिन्यापर्यंत आला होता. आणि मी वर्गातच होते. तू ढवळत नव्हतीस. चमचा हातात धरून खिडकीबाहेर बघत होतीस."

"लक्ष नव्हतं पोरीचं!" मी म्हटलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

"सकाळी त्या साच्यातून जे निघालं," फ्रॉइलाइन म्हणाल्या, "ते कोणाच्या हातचं आहे हे मला एका घासात कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

फ्रॉइलाइनने हळूच माझ्याकडे बोट केलं. "बोलले असते तर दुसऱ्या दिवशी हिची पिशवी दाराबाहेर असती. परीक्षेत हात घातला म्हणून. कुठे गेली असती ही? तुला घर होतं, रोझविटा."

हे मला ठाऊक नव्हतं. माझी नोकरी गेली असती हे मला कधी सुचलंच नाही, आणि या बाईंनी इतकी वर्षं रस्त्यात पाठ दाखवून घेतली आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत! दर वेळी आपलं 'गुठळी होऊ देऊ नकोस'. फुलदाणी उचलली आणि पाणी बदलायला नळावर गेले. पाणी चांगलं होतं, सकाळीच बदललेलं. तरी बदललं. दोनदा बदललं.

परत आले तेव्हा फ्रॉइलाइनचा हात रोझविटाच्या हातात होता आणि विबके खिडकीपाशी नाक पुसत होती. मी नसताना काय बोललात म्हणून विचारलं तर रोझविटा म्हणाली, "तुझी निंदा करत होतो."

"माझ्यासाठी थोडी शिल्लक ठेवायची," मी म्हटलं.

फ्रॉइलाइनला हसू आलं आणि मग खोकला आला, आणि नर्सने आम्हाला तिघींना हाकललं.

२० सप्टेंबर, शनिवार

समारंभ झाला. पाय सुजलेत, थोडक्यात सांगते.

दोनशे जणी आल्या. पहाटेपासून ढवळत होते. विबकेला आणि तिच्या मैत्रिणींना कामाला लावलं. तीन मुलींत एकीलाही दूध उतू न घालवता तापवता येत नाही, आणि तिघी डॉक्टर होणार आहेत. गाव धन्य आहे.

लुडेकेबाईंचं ते कापड काही लागलं नाही. रोझविटा आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेली होती. काय बोलली माहीत नाही, पण लुडेकेबाई मला म्हणाल्या, "आम्हाला कल्पना नव्हती हो," आणि त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत हळू बसल्या. कापडाऐवजी सगळ्या वर्गांचे फोटो लावले. एका फोटोत कडेला मीसुद्धा आहे, पातेलं धरून, डोळे मिटलेले.

रोझविटा सभागृहात आलीच नाही. ती मागच्या जिन्याने सरळ खाली स्वयंपाकघरात आली.

"सूर्यफुलाचा साचा आहे का अजून?"

"आहे. वरच्या फळीवर."

"त्यात एक भर. दोघींपुरतं."

मी भरला. तिने तो फडक्यात गुंडाळला आणि दोन चमचे घेऊन फ्रॉइलाइनकडे गेली. त्यांचा न्यूमोनिया उतरलाय, पण समारंभाला आणण्याइतक्या त्या बऱ्या नाहीत. संध्याकाळी साचा परत आणून दिला, लख्ख पुसलेला.

"खाल्लंस?" मी विचारलं.

"खाल्लं."

"कसं होतं?"

"उत्तम," म्हणाली. "फ्रॉइलाइन म्हणाल्या, गुठळी नव्हती."

१२ ऑक्टोबर, रविवार

विबके उद्या जाते. म्हणजे ही वही बंद, कारण दुसऱ्या कोणाला माझ्या जिभेच्या वेगाने लिहिता येणार नाही. दिवसभर तिचं सामान बांधलं. माझ्या वेळी सामान म्हणजे एक पिशवी होती. हिची चार खोकी आणि एक माडाचं झाड आहे कुंडीतलं.

दुपारी रोझविटा आली. हातात वडिलांची जुनी चामड्याची बॅग, नव्याने तेल लावलेली.

"मीही विबकेबरोबरच निघतेय उद्या," ती म्हणाली.

"कुठे?"

"ग्योटिंगेनला. आठवड्यातून दोन दिवस, गाडीने जाऊन-येऊन. म्हाताऱ्या माणसांना मागच्या बाकावर बसून ऐकू देतात. औषधांचं रसायनशास्त्र, आणि…" ती जरा लाजली. "आणि लॅटिन."

मी खुर्ची शोधून बसले. "लॅटिन? अगं, ज्या शिक्षेतून मी तुला सोडवलं, ती तू आपल्या पायांनी चालत जाऊन घेतेस?"

"राहून गेली होती भोगायची."

विबके मोठ्याने हसली. मी तिला खोकी मोजायला पाठवलं.

रोझविटाला डब्यात राय ब्रेड आणि सॉसेज बांधून दिलं. ती डबा उघडून बघायला लागली. "पुडिंग नाही?"

"खाशील?"

"लांबचा प्रवास आहे. भूक लागेल."

आता रात्री करून ठेवते दोघींसाठी. जाताना फाटकापाशी मी तिला चिडवलं, "त्या रसायनांच्या वर्गात दूध लागू देऊ नकोस म्हणजे झालं!"

"नाही," ती म्हणाली. "आता मुद्दाम लागू द्यायचं कारण उरलं नाही." आणि गेली, तरण्या पोरीसारखी बॅग हलवत.

मी फाटकाशी बराच वेळ उभी होते. पानं झाडून काढायची होती ती तशीच राहिली.

विबके, मागची पानं उलट. उन्हाळ्यात तू मला काहीतरी विचारलं होतंस आणि मी तुला झापलं होतं. सापडलं? वाच. "दूध कोणी मुद्दाम जाळत नाही." हं. ते खोडू नकोस, तसंच राहू दे, मी तसं म्हटलं होतं. त्याच्या पुढे आता हे लिही. कोणी जाळलंच, तर त्याला दुधाने भागणार नाही अशी भूक लागलेली असणार. मला ती ओळखता आली नाही. मला एकच भूक ठाऊक होती.

लिहिलंस?

आणि तुला जुलैपासून ठाऊक होतं. त्या दोघींनाही होतं. सगळ्या मिळून मला वाटीतल्या दुधासारखं सांभाळत होता, आणि मी आपली दारोदार पुडिंग घेऊन हिंडत होते.

रडू नकोस. कागद भिजेल, आणि चुका आधीच पुष्कळ केल्या आहेस. पेन ठेव आता. आत दूध तापतंय. आज तू ढवळ, मी नुसती बघते.